ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट

वाहनचालकांना झालेल्या शिक्षा एकमेकांना कळवण्यासाठी अमेरिकेतील राज्यांनी आपापसांत केलेला करार. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एका राज्यात दोषी ठरलेल्या माणसाच्या दुसऱ्या राज्यातील लायसन्सचे काय होते, हे मुख्यतः या करारावर ठरते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नेव्हाडा त्यात पहिल्यांदा सामील झाले. आज बहुतेक राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा त्यात आहे. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, विस्कॉन्सिन अशी काही राज्ये बाहेर राहिली. मात्र माहितीची देवाणघेवाण तीही करतात, त्यामुळे बाहेरच्या राज्यात राहून सुटका होते असे मानण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत लायसन्स राज्य देते. केंद्र सरकारचे लायसन्स असा प्रकारच नाही. आपल्याकडे पुण्याच्या आरटीओने दिलेले लायसन्स १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३ नुसार देशभर चालते, आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कलम १८५ ची मर्यादाही सगळीकडे एकच. तिकडे एक राज्य दुसऱ्याचे लायसन्स मानते ते परस्पर मान्यतेपोटी. त्यामुळे पाहुण्याने गुन्हा केला तर ते राज्य त्याचे लायसन्स रद्द करू शकत नाही, कारण ते त्याने दिलेलेच नसते. ते एवढेच म्हणू शकते की आमच्या हद्दीत तू गाडी चालवायची नाहीस. कायद्याच्या भाषेत याला गाडी चालवण्याचे ‘प्रिव्हिलेज’ काढून घेणे म्हणतात. हा फरक लक्षात आला नाही तर पुढचे सगळेच गोंधळाचे वाटते.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनचा रहिवासी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पार्टीहून परतताना पकडला गेला आणि दोषी ठरला. खिशातले लायसन्स खिशातच राहते, म्हणून तो निर्धास्त होतो. पण पेनसिल्व्हेनिया ही शिक्षा न्यू जर्सीला कळवते आणि काही आठवड्यांनी घरच्या पत्त्यावर न्यू जर्सीच्याच मोटार वाहन खात्याचे पत्र येऊन पडते. कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे चार प्रकारचे गुन्हे आपल्याच हद्दीत घडले असे धरून मूळ राज्याने कारवाई करायची असते: वाहनामुळे झालेला मनुष्यवध, दारू किंवा अमली पदार्थाच्या नशेत गाडी चालवणे, वाहन वापरून केलेला गंभीर गुन्हा, आणि माणूस जखमी किंवा ठार झालेला असताना अपघातस्थळावरून पळून जाणे. मूळ राज्याने लायसन्स निलंबित केले की ते न्यूयॉर्कमध्येही चालत नाही आणि टेक्सासमध्येही नाही.

‘आपल्याच हद्दीत घडले असे धरून’ या शब्दांवर वकिलांची पोटे भरली आहेत. महामार्गांचा निधी रोखण्याची तंबी देणारा कायदा केंद्राने २००० साली केला आणि रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्के ही मर्यादा हळूहळू सर्व राज्यांनी स्वीकारली (भारताची ०.०३ आहे). पण यूटाने डिसेंबर २०१८ पासून ती ०.०५ वर आणली. न्यूयॉर्क आणि कोलोरॅडोत तर पूर्ण नशेखाली एक पायरी असलेला, नशेमुळे क्षमता जराशी कमी झाल्याचा वेगळा, सौम्य गुन्हा आहे. अशा सौम्य गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्या राज्याने आपल्या मुख्य गुन्ह्याइतकी मानायची का? १९९९ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले: दोन्ही गुन्हे पुरेसे सारखे नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये पहिल्या वेळचा प्रकार सहसा फौजदारी गुन्हाच धरत नाहीत; दंड होतो आणि लायसन्स काही महिने जाते.

राज्य बदलून नवे लायसन्स काढण्याची पळवाट कराराच्या पाचव्या कलमाने अडवली आहे. ‘एक चालक, एक लायसन्स, एक नोंद’ हे कराराचे सूत्र. नवे कार्ड हवे तर जुने जमा करावे लागते. याच्या जोडीला केंद्राचे ‘नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर’ आहे. त्यात गुन्ह्याची हकिकत नसते. नाव, जन्मतारीख, लायसन्स क्रमांक अशी ओळख आणि कोणत्या राज्याकडे विचारणा करायची एवढा निर्देश, बस्स. खिडकीवरचा कारकून नाव टाकतो, पडद्यावर दुसऱ्या राज्याचे नाव येते आणि तो सांगतो: आधी तिकडून मोकळीक आणा. निलंबनाची मुदत संपली म्हणजे आपोआप सगळे पूर्ववत झाले, हा समज इथेच मोडतो. दोन्ही राज्यांची मुदत, समुपदेशनाचा वर्ग, लायसन्स पुन्हा सुरू करण्याची फी, सगळे वेगवेगळे. एका ठिकाणची फी राहून गेली तर दहा वर्षांनीही तीच आडवी येते.

भारतीय लायसन्सवर तिथे गाडी चालवणाऱ्यांचे प्रकरण आणखी वेगळे. करार अमेरिकी राज्यांपुरताच असल्याने त्यातली सूचना नाशिकच्या वा कोल्हापूरच्या आरटीओकडे जात नाही. मात्र गुन्हा घडला त्या राज्यात त्या माणसाच्या नावाने खाते उघडून त्याचे प्रिव्हिलेज निलंबित करता येते. नुसत्या अटकेवरूनही अमेरिकी व्हिसा रद्द होऊ शकतो. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून हा गुन्हा गंभीर वर्गात टाकल्यामुळे नायगारा पलीकडच्या काठावरून पाहायचा बेतही बारगळू शकतो. आणि पुढे त्याच माणसाने दुसऱ्या एखाद्या राज्यात पहिले अमेरिकी लायसन्स मागितले, की खिडकीवर तेच जुने राज्य पडद्यावर येते.