प्रीमियर ६.५

ॲडोबी कंपनीच्या प्रीमियर या व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअरची २००२ साली आलेली आवृत्ती. नुसत्या ‘प्रीमियर’ या नावाने निघालेली ही शेवटची आवृत्ती होय. पुढच्याच वर्षी मुळापासून नव्याने लिहिलेल्या प्रीमियर प्रोने तिची जागा घेतली. ठाणे आणि नवी मुंबईत लग्नाचे चित्रण करून घरच्याच एका खोलीत ‘मिक्सिंग’, म्हणजे संपादन, करणाऱ्या व्यावसायिकांच्या दृष्टीने हा काळ संक्रमणाचा होता. व्हीएचएस कॅसेटची मागणी ओसरत होती, छोट्या टेपेवर डिजिटल चित्रण करणारे मिनी डीव्ही कॅमेरे हाती आले होते आणि यजमान व्हीसीडी मागू लागले होते. ६.५ मधील सुधारणांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

प्रीमियरची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये मॅकिंटॉशसाठी आली. तिचे मूळ लेखक रँडी उबिलोस हे पुढे ॲपलच्या फायनल कट प्रोचेही जनक ठरले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरचे मूळ एकाच माणसाकडे जाते. २००१ मधील ६.० या आवृत्तीने फायरवायर तारेवरून डीव्ही कॅमेरा थेट हाताळण्याची सोय आणि ध्वनिमिश्रणासाठी स्वतंत्र मिक्सर दिला. तरी रेंडरची, म्हणजे बदललेल्या चौकटी संगणकाने नव्याने तयार करण्याची, अडचण तशीच राहिली. भारतात वापरात असलेल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. त्यामुळे वरमाला आणि अक्षता यांच्यामध्ये एका सेकंदाचा डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरे उमटण्याचा परिणाम) टाकला, तरी त्या २५ चौकटी संगणकाने नव्याने तयार करून डिस्कवर लिहीपर्यंत तो खऱ्या गतीने पाहता येत नसे. ऑल्ट कळ दाबून टाइमलाइनवर, म्हणजे चित्रणाचे तुकडे क्रमाने मांडलेल्या पट्टीवर, माउस ओढला की परिणामाचा अंदाज येई, पण लय कळत नसे; आणि संपादनात लय कळली नाही तर बाकी फारसे काही कळले असे म्हणता येत नाही.

६.५ ची मुख्य सुधारणा नेमकी येथे आहे. संक्रमणे (एका दृश्यातून दुसऱ्यात नेणारे परिणाम), फिल्टर आणि टायटले यांसह टाइमलाइन रेंडर न करता तत्काळ चालवून पाहण्याची सोय या आवृत्तीने, वेगळे महागडे कार्ड न घेता, केवळ प्रोसेसरच्या बळावर दिली. प्रोसेसर अपुरा पडला तर चित्राचा दर्जा किंवा चौकटींचा वेग घसरे, परंतु चित्र थांबत नसे. अंतिम प्रत काढताना मात्र रेंडर चुकत नव्हताच. महावितरणच्या क्षेत्रात त्या दशकाच्या मध्यावर भारनियमन सुरू असताना रात्री रेंडर लावून झोपणाऱ्याला यूपीएसची बॅटरी टिकेल का, ही चिंता असे. मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिली गेलेली व्हिडिओची एव्हीआय फाइल सहसा निरुपयोगी होई.

साठवणुकीचा हिशेब सोपा होता. डीव्ही चित्रणाला सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ १३ गिगाबाइट जागा लागते. साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून तीन टेपा भरल्या तर ३९ गिगाबाइट एवढ्यातच संपत. टेप संगणकात घेण्यास टेपेइतकाच वेळ लागे, आणि डिस्क फाइली साठवण्याच्या जुन्या फॅट ३२ पद्धतीची असेल तर प्रत्येक फाइलवरील ४ गिगाबाइटच्या मर्यादेमुळे एका फाइलमध्ये सुमारे १९ मिनिटांहून अधिक चित्रण मावत नसे. तयार झालेले काम विंडोज संगणकावर व्हिडिओ आटोपशीर करणाऱ्या एमपेग एन्कोडरमधून थेट व्हीसीडी किंवा डीव्हीडीच्या साच्यात काढण्याची सोय ६.५ मध्ये प्रथमच सोबत मिळाली. व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत असल्याने तीन तासांच्या लग्नाच्या तीन चकत्या होत.

टायटलांसाठी आलेला नवा टायटल डिझायनर जुन्यापेक्षा फार सरस होता. तयार साचे, वळणावर बसणारी अक्षरे, सरकत्या ओळी हे सर्व त्यात होते. मराठी मजकुरापुढे मात्र तो हरला. युनिकोड देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या यांची जुळणी त्याला जमत नव्हती, आणि पहिली वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर पण लेखनात त्याच्या आधी येते, हे त्याला ठाऊक नव्हते. लग्नाच्या टायटलातील पहिला शब्दच बहुधा ‘चि.’ असतो, हा योगायोग गंमतीचा आणि त्रासाचाही. म्हणून श्रीलिपीसारख्या, वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह मानून डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टंकन करावयाच्या बिगर-युनिकोड फॉन्टांचा आधार घेतला जाई, किंवा नावे फोटोशॉपमध्ये लिहून चित्र म्हणून टाइमलाइनवर आणली जात. नाव चुकले की मूळ चित्रच पुन्हा उघडावे लागे.

एका प्रकल्पात एकच टाइमलाइन ही जुनी मर्यादा ६.५ मध्ये कायम राहिली. ‘व्हर्च्युअल क्लिप’च्या युक्तीने टाइमलाइनचा एखादा तुकडा दुसरीकडे क्लिपसारखा वापरता येई, परंतु मूळ तुकडा हलवला की घोटाळा होई. प्रीमियर प्रो १.० ने एका प्रकल्पात अनेक सीक्वेन्स, म्हणजे स्वतंत्र टाइमलाइन, आणि एकात दुसरा बसवण्याची सोय दिली, रंगदुरुस्तीची साधने सुधारली आणि सहा वाहिन्यांचा ५.१ ध्वनी आणला. त्याबदल्यात अ आणि ब अशा दोन पट्ट्यांवर क्लिपा ठेवून मध्ये संक्रमण टाकण्याची पद्धत काढून टाकण्यात आली. टेपच्या दोन यंत्रांवर हात बसलेल्यांना तीच पद्धत समजायला सोपी होती, आणि त्यांनी ६.५ लवकर सोडले नाही, यात नवल नाही. शिवाय प्रोला विंडोज एक्सपी आवश्यक होते. मॅक वापरणाऱ्यांना तर २००७ मधील सीएस३ या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले.

६.५ च्या प्रकल्पफाइलमध्ये चित्रण नसते. कोणत्या फाइलचा कोठून कोठपर्यंतचा भाग कोठे बसवला, एवढीच नोंद तीत असते. त्यामुळे जागा मोकळी करण्यासाठी क्लिपा पुसून टाकल्यानंतर जुने लग्न पुन्हा संपादित करायचे झाल्यास मूळ मिनी डीव्ही टेप आणि ती चालवणारा, फायरवायर जोडणी असलेला कॅमेरा हे दोन्ही हाताशी असावे लागतात.