प्रशिक्षणार्थी डॉक्टरांवरील वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे

रुग्णालयात इंटर्न किंवा निवासी डॉक्टर म्हणून शिकत असताना केलेल्या उपचारांतून रुग्णाला इजा झाली, तर त्याबद्दल नुकसानभरपाई मागणारे हे दावे. इतर कोणत्याही डॉक्टरवरील दाव्याप्रमाणे येथेही चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते पाळले गेले नाही, रुग्णाची हानी झाली आणि ती त्या चुकीमुळेच झाली. खरा पेच दुसऱ्या मुद्द्याशी येतो. अजून शिकत असलेल्या डॉक्टरकडून किती कौशल्याची अपेक्षा धरायची आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांनी काय करायला हवे होते, या दोन प्रश्नांवर बहुतेक खटले लढले जातात.

पहिल्या प्रश्नावर इंग्लंडमधील ‘विल्शर विरुद्ध एसेक्स एरिया हेल्थ अथॉरिटी’ हा खटला आजही आधार मानला जातो. अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्यासाठी कनिष्ठ डॉक्टरने नळी घातली, पण ती धमनीऐवजी शिरेत गेली. त्यामुळे प्रमाण कमी दिसत राहिले आणि बाळाला जादा प्राणवायू दिला गेला. पुढे बाळाची दृष्टी जवळजवळ गेली. अपील न्यायालयाने 1986 मध्ये सांगितले, की डॉक्टर नवखा आहे म्हणून कसोटी सैल होत नाही. तो ज्या पदावर काम करतो त्या पदाला साजेसे कौशल्य त्याने दाखवलेच पाहिजे. तरीही कनिष्ठ डॉक्टर दोषी ठरला नाही, कारण त्याने एक्स-रे वरिष्ठाला दाखवून खात्री करून घेतली होती. चूक वरिष्ठाच्याही लक्षात आली नाही, आणि निष्काळजीपणाचा ठपका त्या वरिष्ठावर बसला. 1988 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ) मात्र दृष्टी नेमकी याच कारणाने गेली हे सिद्ध झाले नसल्याचे सांगून फेरसुनावणीचा आदेश दिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळात अंधत्वाची इतरही कारणे संभवत होती. चूक मान्य होऊनही कार्यकारणभावाच्या पायरीवर दावा अडतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शिकाऊपणाची किंमत रुग्णाने मोजू नये, हा या निकालामागचा विचार मला रास्त वाटतो. आपल्यावर उपचार करणारा डॉक्टर कितव्या वर्षाला आहे, हे रुग्ण निवडत नसतो. अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत भूमिका वेगळी दिसते. ओहायोतील एका न्यायालयाने 1957 मध्ये इंटर्नची तुलना इंटर्नशीच करावी असे म्हटले, तर इंडियानातील न्यायालयाने 1991 मध्ये पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना पूर्ण परवानाधारक डॉक्टरांचीच कसोटी लावली. पेनसिल्व्हेनियात 1988 मध्ये मधला मार्ग निघाला : निवासी डॉक्टरकडून सामान्य डॉक्टरपेक्षा जास्त, पण तज्ज्ञापेक्षा कमी कौशल्य अपेक्षित धरले गेले.

प्रशिक्षणार्थी सहसा एकटा प्रतिवादी नसतो. नोकरीत असताना कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीला मालक जबाबदार, या तत्त्वाने रुग्णालय दाव्यात ओढले जाते. वरिष्ठ डॉक्टरही सुटत नाहीत. पेनसिल्व्हेनियातीलच 1949 च्या एका खटल्यात इंटर्नने नवजात बाळाच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग टाळणारे सिल्व्हर नायट्रेट घालताना चूक केली आणि बाळाचा एक डोळा गेला. इंटर्न रुग्णालयाचा नोकर असला, तरी त्या वेळी तो प्रसूतितज्ज्ञाच्या हुकमतीखाली काम करत होता का, हे ज्यूरीने ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले. जहाजावरील सर्वांच्या चुकीला जसा कप्तान जबाबदार, तसा शस्त्रक्रियागृहात प्रमुख डॉक्टर, ही तत्त्वप्रणाली येथून रूढ झाली. पुढे अनेक न्यायालयांनी ती मर्यादित केली किंवा सोडून दिली. विल्शर खटल्यातील एका न्यायमूर्तींनी आणखी पुढचा मुद्दा मांडला होता : पुरेसे अनुभवी डॉक्टर पुरवण्याची व्यवस्थाच रुग्णालयाने केली नसेल, तर दोष थेट रुग्णालयाचा.

त्या मुद्द्यातले तथ्य निकाली दाव्यांतूनही दिसते. अमेरिकेतील पाच विमा कंपन्यांकडील दाव्यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षणार्थींचा सहभाग असलेली 240 प्रकरणे तपासली गेली. 72 टक्के प्रकरणांत निर्णय चुकला होता, 70 टक्के प्रकरणांत एकमेकांशी समन्वय तुटला होता, तर हाताच्या कौशल्यातील उणीव 58 टक्के प्रकरणांत होती. समन्वयाच्या बाबतीत देखरेखीचा अभाव सर्वांत वर होता. ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती नीट न सोपवणे त्याखालोखाल. म्हणजे रात्री वरिष्ठाला फोन करायला कचरणे, आणि फोन केल्यावर त्याने येऊन न पाहणे, या साध्या गोष्टी कोर्टापर्यंत जातात. ‘वरिष्ठांना कळवले’ एवढीच नोंद केसपेपरवर असून भागत नाही. कोणाला, किती वाजता, काय सांगितले आणि काय उत्तर मिळाले, हे लिहिलेले असावे लागते.

थकवा हा दुसरा धागा. 1984 मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात 18 वर्षांची विद्यार्थिनी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर प्रशिक्षणार्थी डॉक्टर उपचार करत होते. त्या प्रकरणातून प्रशिक्षणार्थींच्या लांबलचक पाळ्यांवर उठलेल्या वादानंतर न्यूयॉर्क राज्याने 1989 मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली; 2003 पासून ती देशभर लागू झाली. तास कमी झाले की पाळ्या वाढतात, आणि पाळी बदलताना माहिती निसटण्याची जागाही वाढते. म्हणून हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती सोपवण्याची, ठरावीक पद्धत महत्त्वाची ठरते. नऊ रुग्णालयांत अशी पद्धत शिकवल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्याचे 2014 च्या अभ्यासात दिसले.

दिवाणी दावा वेगळा आणि फौजदारी खटला वेगळा. इंग्लंडमधील लेस्टरमध्ये 2011 साली सेप्सिसने (जंतुसंसर्गामुळे शरीरभर होणाऱ्या जीवघेण्या बिघाडाने) सहा वर्षांचा मुलगा दगावला, आणि 2015 मध्ये बालरोग विभागातील प्रशिक्षणार्थी डॉक्टर सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली. त्या दिवशी तिच्यावर जादा कामाचा भार होता आणि संगणक यंत्रणाही बंद पडली होती. जानेवारी 2018 मध्ये तिचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. एका घरातले मूल गेले होते, आणि तरी सगळा भार एकट्या डॉक्टरवर टाकणे बरोबर का, हा प्रश्न ब्रिटनमधील डॉक्टरांनी मोठ्याने विचारला.

भरपाईची रक्कम बहुधा रुग्णालय किंवा त्याचा विमा देतो. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत 1990 पासून हा भार संस्थाच उचलते, पण फौजदारी खटला किंवा वैद्यकीय परिषदेपुढील चौकशी त्यात येत नाही. अमेरिकेत विम्याचा प्रकार पाहावा लागतो : काही पॉलिसी घटना घडली तेव्हा विमा असला तरी पुरतात, काहींमध्ये दावा दाखल होतानाही विमा चालू असावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत दावा अनेक वर्षांनी येऊ शकतो, तोवर डॉक्टर रुग्णालय सोडून गेलेला असतो. अशा वेळी जुन्या कामासाठी वाढीव संरक्षण कोण विकत घेणार, हे रुजू होतानाच्या करारातच वाचून घ्यावे.