खानदेशातली दुसरी भाषा : मराठी

इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवावी की नाही, यावरून 2025 मध्ये राज्यभर रान उठलं. एप्रिल आणि जूनमधले दोन्ही शासन निर्णय 29 जूनला मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. भांडण हिंदीचं होतं. मराठी ही मुलाची पहिली भाषा, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललं होतं. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला हे लागूच होत नाही. साक्री, पारोळा, अमळनेरकडच्या अहिराणी घरातल्या पोरालाही पुरतं लागू होत नाही.

हा गुंता जुना आहे. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड मिळाला, पण खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, जागा मिळाली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907), भिल्ली बोलींच्या पंगतीत. नमुन्यासाठी इतर भाषांप्रमाणे इथेही बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट वापरली गेली. अहिराणी मराठीची बोली की गुजरातीच्या जवळची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. 2011 च्या जनगणनेने खानदेशी वेगळी मोजली आणि आकडा आला सुमारे 18 लाख 60 हजार. शाळेने मात्र या वादात कधी लक्ष घातलं नाही. पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत, विषय संपला.

उच्च शिक्षण इथे आलं तेही दुरून चालवलेलं. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय आणि जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय, दोन्ही 1945 ची. आधी मुंबई विद्यापीठ, मग 1949 मध्ये स्थापन झालेलं पुणे विद्यापीठ. प्रबंधाचा विषय मंजूर व्हायचा तो तिकडे. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं 15 ऑगस्ट 1990 ला. त्याला 2018 मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची कविता तोंडपाठ म्हटली की शाबासकी, आणि तसलीच बोली निबंधात उतरली की लाल शाई, हे खानदेशातल्या कुठल्याही मास्तरला विचारा.

विद्यापीठ हाताशी आल्यावर मराठी विभागांत बोलीवर काम होऊ लागलं. अहिराणीचे शब्द, जात्यावरच्या ओव्या, म्हणी, कानबाई देवीची गाणी गोळा झाली. फार मोलाचं काम, म्हाताऱ्या माणसांसोबत ते सगळं गेलंच असतं. पण वर्गातलं पोर त्यात सापडत नाही. ते गेलं बीएड-एमएडवाल्यांच्या वाट्याला, आणि तिथे साचा ठरलेला : शुद्धलेखनातल्या चुका, कारणे व उपाय. पूर्वचाचणी, उपचारात्मक अध्यापन, उत्तरचाचणी, चुका कमी झाल्या, प्रबंध जमा.

श्रुतलेखनाची वही उघडून बघा. 'डोळा'चं 'डोया', 'काळा'चं 'काया', 'फळ'चं 'फय'. मास्तर तीन चुका मोजतात. खरं तर पोराने एकच नियम तीनदा पाळलाय : घरी जिथे 'य' म्हणतात, तिथे 'य' लिहिलाय. हा नियम मराठी विभागातल्या प्रबंधात नोंदलेला असतो, चुकांची यादी शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात, आणि दोन्ही प्रबंध ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत. माझ्या मते खानदेशातल्या भाषा-शिक्षणाच्या संशोधनाची खरी अडचण इथे आहे. पैसा, जागा वगैरे नंतर.

सातपुड्यात वेगळा प्रयोग झाला, पण तो विद्यापीठाने केलेला नव्हता. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सरदार सरोवर धरणाच्या बुडितातल्या गावांमध्ये जीवनशाळा काढल्या. शिकवायला आदिवासी पोरंच, समजावणं त्यांच्या बोलीत, मराठी त्या वाटेने. 'लढाई-पढाई साथ साथ' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक झाली. पावरीतून मराठीत मूल कसं जातं, हा भाग मागे राहिला.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावं असं म्हटलं. आता घरची भाषा कोणती हे ठरवायचं कसं? प्रवेशाच्या वेळी मुलांची नोंद होते त्या जनरल रजिस्टरला मातृभाषेचा रकाना असतो. तिथे बहुतेकदा न विचारताच 'मराठी' लिहिलं जातं. बापाला विचारलं तरी तो तेच सांगतो, अहिराणी म्हटलं तर पोर मागे पडेल या धास्तीने. पुढे संशोधक मुलांचे मातृभाषेनुसार गट पाडायला तेच रजिस्टर मागतो.