ट्रेटिनॉइनने त्वचा पातळ होते?

ट्रेटिनॉइन, म्हणजे मुरुमांवर लावायचं अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, लावलं की सालं निघतात, म्हणून त्वचा पातळ होते, हा समज काही जात नाही. सुटतो तो फक्त वरचा मृत थर. हे औषध पेशीकेंद्रातल्या ग्राहींना (संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना, रिसेप्टर्सना) चिकटून नव्या पेशींची वाढ वाढवतं. बाह्यत्वचेचा जिवंत भाग उलट जाडच होतो. सुरुवातीचे काही आठवडे त्वचेतून पाणी जास्त उडतं, म्हणून आग होते. तेव्हा ०.०२५ टक्क्यांचं, वाटाण्याएवढं, एक रात्र आड, कोरड्या चेहऱ्यावर, वर मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. गरोदरपणात नकोच.

खरा चोर वेगळाच. गोरेपणासाठी चिठ्ठीविना घेतल्या जाणाऱ्या तिहेरी क्रीममध्ये हायड्रोक्विनोन (डाग उजळवणारं औषध) आणि ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. ते महिनोन्महिने चोळलं की त्वचा खरोखर पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. अशी ट्यूब मनाने एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.