तिरुवल्लूर क्षयरोग प्रकल्प : मूल्यमापन

तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्ह्याच्या काही भागात 1999 पासून राबवलेल्या 'डॉट्स' (आरोग्य कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर गोळ्या घेण्याच्या) उपचारपद्धतीमुळे तिथला क्षयरोग खरोखर कमी झाला का, याची अनेक वर्षे चाललेली मोजणी. औषधे राज्याच्या आरोग्य खात्याने दिली. मोजणी चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने केली. औषध देणारा एक आणि हिशेब तपासणारा दुसरा, हे या कामाचे मोठे बळ. हा पट्टा अभ्यासकांना नवा नव्हता. बीसीजी लशीची मोठी चाचणी 1968 पासून इथेच झाली होती आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती लस रोखू शकत नाही, हे त्यातून दिसून आले होते.

क्षयरोग कार्यक्रमाचा नेहमीचा हिशेब रजिस्टरवरून होतो. एका तिमाहीत नोंदवलेले रुग्ण एका गटात धरायचे आणि वर्षभराने त्यांतले किती बरे झाले, किती दगावले, किती जणांनी उपचार सोडले ते मोजायचे. नव्या थुंकीदूषित (थुंकीत क्षयाचे जंतू दिसणाऱ्या) रुग्णांपैकी 70 टक्के शोधावेत आणि उपचारावर आलेल्यांपैकी 85 टक्के बरे करावेत, असे देशाचे उद्दिष्ट होते. पण जो दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो या कागदावर कुठेच नसतो. बरे होण्याची टक्केवारी कितीही चांगली असली, तरी तेवढ्यावर कार्यक्रम यशस्वी ठरवणे चूकच.

म्हणून तिरुवल्लूरमध्ये घरोघरी पाहणी झाली. दर फेरीत 15 वर्षांवरील 80 हजारांहून अधिक लोकांना खोकल्याबद्दल विचारले, छातीचा एक्स-रे काढला आणि संशय आला की बेडका घेऊन जंतूंची वाढ होते का ते प्रयोगशाळेत पाहिले. पहिल्या फेरीत अशा तपासणीत लाखामागे सुमारे 600 रुग्ण आढळले; 2004–06 च्या तिसऱ्या फेरीत सुमारे 300. त्याच भागात आधीच्या दशकांतली घट पुष्कळ संथ होती. मात्र तुलनेसाठी डॉट्स नसलेला भाग नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय औषधांना देता येत नाही. पुढच्या फेरीत आकडा पुन्हा थोडा वर गेला, हेही नोंदवायला हवे.

सर्वांत बोलका भाग उपचार सोडणाऱ्यांचा. त्या काळी प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा खोका केंद्रात ठेवलेला असे. पहिले काही महिने आठवड्यातून तीनदा समोर बसून गोळ्या घ्यायच्या. पुढे आठवड्याचा पहिला डोस समोर, बाकीचे घरी, आणि रिकामी पट्टी परत आणून दाखवायची. यात गळती कुणाची झाली? पुरुष, दारूचे व्यसन असलेले, पूर्वी उपचार घेतलेले यांची अधिक. आणि घरोघरच्या पाहणीत सापडलेल्यांचीही. जो स्वतः खोकून हैराण होऊन आला नव्हता, त्याला सहा महिने गोळ्या कशासाठी घ्यायच्या हे पटवून देण्याचे काम वेगळे आणि अवघड आहे. नुसते रुग्ण शोधून ते होत नाही. मृत्यूंच्या बाबतीत वजन महत्त्वाचे ठरले : उपचार सुरू होताना 35 किलोंपेक्षा कमी भरलेल्या रुग्णांना धोका जास्त होता. क्षयरुग्णांना पोषणासाठी पैसे देणारी 'निक्षय पोषण योजना' देशात 2018 मध्ये सुरू झाली; 2024 पर्यंत ही रक्कम दरमहा 500 रुपये होती.