परदेश-नेमणुकीचा रोजगार करार

एखादी कंपनी वा संस्था आपल्या कर्मचाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या देशात कामाला पाठवते, तेव्हा त्या दोघांत आणि बहुधा तिथल्या यजमान कंपनीशीही होणारा करार. स्वतःहून परदेशात जाऊन नोकरी धरणाऱ्याचा करार यात मोडत नाही. तो सरळ तिथल्या मालकाशी, तिथल्या कायद्याखाली होतो. इथे मात्र नोकरी एका देशात असते आणि काम दुसऱ्या देशात चालते, म्हणून पगारापासून बडतर्फीपर्यंत प्रत्येक बाबतीत ‘कुठल्या देशाचे?’ हा प्रश्न येतो.

रचनेचे ढोबळ प्रकार तीन. अल्प मुदतीसाठी मूळ करार तसाच ठेवून त्याला नेमणुकीचे पत्र जोडतात. दीर्घ मुदतीत मूळ करार स्थगित ठेवून यजमान कंपनीशी वेगळा करार केला जातो. तिसऱ्या प्रकारात मूळ नोकरी संपवून कर्मचारी पूर्णपणे स्थानिक होतो. यांतला मधला प्रकार सर्वांत निसरडा. रोजचे हुकूम यजमान कंपनीचे, पगारवाढीचा निर्णय मूळ कंपनीचा, आणि कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा हे कागदावर धूसर, अशी अवस्था त्यात हमखास होते. स्थगितीच्या काळात ज्येष्ठता मोजली जाणार की नाही आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी कोणत्या पगारावर कापली जाणार, हे लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेलेच.

काही देशांत किमान तपशील लेखी देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार महिन्याहून अधिक काळ देशाबाहेर काम असेल, तर कामाचा कालावधी, पगाराचे चलन, जादा मोबदला आणि परतीच्या अटी लेखी द्याव्या लागतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात ही मर्यादा सलग चार आठवड्यांची आहे.

लागू कायदा दोन्ही पक्षांनी करारात निवडावा, अशी पद्धत आहे. पण ही निवड वाटते तितकी मोकळी नसते. युरोपीय संघाच्या ‘रोम १’ नियमावलीनुसार (२००८) निवडलेला कायदा कोणताही असो, कर्मचारी नेहमी जिथे काम करतो त्या देशाच्या कायद्याने दिलेले सक्तीचे संरक्षण काढून घेता येत नाही. तात्पुरते दुसरीकडे पाठवल्याने हा ‘नेहमीचा देश’ बदलत नाही. आणि तात्पुरते म्हणजे किती? नियमावलीत महिन्यांचा आकडा नाही. काम आटोपल्यावर कर्मचारी मूळ देशात पुन्हा कामावर रुजू होणे अपेक्षित आहे का, ही तिची कसोटी आहे. म्हणजे परतीचे कलम, जे सहसा शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकले जाते, तेच कोणता कायदा लागू होईल याचा पाया ठरू शकते.

मायदेशाचा कायदा कर्मचाऱ्याच्या मागोमाग परदेशात जातोच असे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सौदी अरेबियात काम करणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या खटल्यात, नोकरीतील भेदभावाला बंदी घालणारा कायदा देशाबाहेर चालत नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा दुरुस्त करून हा निकाल फिरवला. ब्रिटनमध्ये २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च अपील न्यायपीठ) दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटावरच्या ब्रिटिश हवाई तळावरील एका सुरक्षा कर्मचाऱ्याला अन्यायी बडतर्फीविरुद्ध ब्रिटनमध्येच दाद मागण्याची मुभा दिली. तो तळ व्यवहारात ब्रिटनचाच तुकडा असल्याचे मानले गेले.

यजमान देशाचेही आपले म्हणणे असते. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशामुळे दुसऱ्या सदस्य देशातून पाठवलेल्या कामगारांनाही स्थानिक किमान वेतन, कामाचे तास आणि सुरक्षेचे नियम लागू झाले. या किमानापलीकडे किती मागता येईल, यावर स्वीडनमधील वाक्सहोल्म येथे एका शाळेच्या बांधकामावरून मोठा वाद पेटला. लाटव्हियाच्या कंपनीने आपले कामगार तिथे आणले, स्वीडिश कामगार संघटनांनी सामूहिक करारासाठी (वेतन व अटींबाबत कंपनीने संघटनेशी करायचा करार) कामाची नाकेबंदी केली आणि २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने संघटनांविरुद्ध निकाल दिला. पुढे २०१८ च्या दुरुस्तीने ‘किमान वेतन दर’ याऐवजी एकूण ‘मोबदला’ हा निकष आला. बारा महिन्यांनंतर, वाढीव मुदत घेतल्यास अठरा महिन्यांनंतर, यजमान देशाच्या बहुतेक रोजगार अटी लागू होऊ लागल्या.

सामाजिक सुरक्षेची वर्गणी दोन्ही देशांत भरावी लागू नये म्हणून देशादेशांत करार असतात. मूळ देशातून तिथेच वर्गणी भरत असल्याचे प्रमाणपत्र घेतले की यजमान देशातील वर्गणी माफ होते. युरोपीय संघात ही सवलत सर्वसाधारणपणे २४ महिन्यांची, अमेरिकेच्या बहुतेक करारांत पाच वर्षांची आहे. भारताचा बेल्जियमशी झालेला असा करार २००९ मध्ये अमलात आला. करारच नसेल तर दोन्हीकडे पैसे कापले जातात, आणि परदेशात भरलेली रक्कम पुरेशी वर्षे न भरल्याने अनेकदा हाती लागत नाही.

करांच्या बाबतीत ‘१८३ दिवस’ हा मंत्र सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो अर्धवट आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नमुना करारात तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात : बारा महिन्यांत मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारा यजमान देशाचा रहिवासी नको, आणि त्या पगाराचा भार मूळ कंपनीच्या तिथल्या कायम आस्थापनेवर (शाखा, कार्यालय यांसारख्या व्यवसायाच्या कायम ठिकाणावर) पडता कामा नये. पगार यजमान कंपनीच्या खर्चात टाकला की नव्वद दिवसांच्या मुक्कामावरही तिथला कर लागू शकतो.

कर्मचाऱ्याला कराचा फटका वा फायदा होऊ नये म्हणून मोठ्या कंपन्या कर-समतोलाचे कलम घालतात. समजा पगार १०० आणि मायदेशी त्यावर २० कर. कर्मचाऱ्याकडून २० काल्पनिक कर म्हणून कापून घेतात, हाती ८० देतात आणि परदेशातला खरा कर कंपनी भरते. गंमत अशी की कंपनीने भरलेला करही कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. यजमान देशाचा दर सरसकट ३५ टक्के असेल, तर हाती ८० पडण्यासाठी एकूण उत्पन्न सुमारे १२३ दाखवावे लागते आणि त्यावर ४३ कर जातो. नेमणूक संपल्यावर येणारा कराचा परतावा या हिशोबात कंपनीचा असतो. तो खात्यावर जमा झालेला पाहून खूश होणाऱ्याने आधी हे कलम वाचावे.

घरभाडे, मुलांची शाळा, वैद्यकीय विमा, वर्षातून एकदा मायदेशी जाण्याचे भाडे यांवर वाटाघाटी भरपूर होतात. चलनाचा दर कोणत्या तारखेचा धरायचा, हे मात्र राहून जाते.

परतीवरच करार सर्वांत कच्चा असतो. ‘परत आल्यावर योग्य पद देण्याचा प्रयत्न केला जाईल’ एवढ्या वाक्याने कंपनीवर फारसे काहीच बंधन येत नाही. भक्कम कलमात पदाची किमान श्रेणी, मूळ पगारात मधल्या वर्षांच्या वाढी धरण्याची पद्धत आणि पद रद्द झाले असल्यास द्यायची भरपाई लिहिलेली असते. नेमणूक मुदतीआधी कंपनीने संपवली, कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, किंवा गैरवर्तनावरून त्याला काढले, या तिन्ही प्रसंगी कुटुंबासह परतीचा खर्च कोणाचा, हेही वेगवेगळे लिहावे लागते. राजीनाम्याच्या बाबतीत स्थलांतराचा खर्च वसूल करण्याची अट अनेक कंपन्या घालतात. उलटलेल्या महिन्यांच्या प्रमाणात ती रक्कम घटत जावी, अशी मागणी सही करण्यापूर्वीच करावी लागते. व्हिसा नोकरीशी बांधलेला असल्यास काम सुटताच देश सोडण्याची मुदतही सुरू होते, त्यामुळे घराचा भाडेकरार मोडण्याचा दंड आणि मुलांचे चालू शालेय सत्र यांची तरतूद याच कलमात असावी लागते.