शिट्टी वायरीतून येते, खरखर अँटेनातून: नव्या स्टिरिओनंतरचे दोन त्रास

गाडीत नवा स्टिरिओ आणि डिकीत ॲम्प-वूफर (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आणि खोल आवाजाचा स्पीकर) बसवला की दोनपैकी एक तक्रार हमखास ऐकू येते. रेस दिली की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत जाते, पाय काढला की उतरते. नाहीतर आकाशवाणी सोलापूर लावलं की निवेदकाच्या आवाजामागे एकसारखी खरखर चालू असते. गाडीमालक दोन्हींना ‘रेडिओत डिस्टर्बन्स’ म्हणतात आणि दुकानातही दोन्हींवर फिल्टरच सुचवला जातो. पण शिट्टी वायरीतून आत येते, खरखर अँटेनातून. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही आणि पैसे फुकट जातात.

फरक ओळखायला मीटर लागत नाही. इंजिन चालू ठेवा, रेडिओ बंद करून मोबाइलवरचं गाणं ब्लूटूथने किंवा पेनड्राइव्हवरून लावा. शिट्टी तशीच राहिली तर रेडिओचा त्यात काही संबंध नाही, दोष वायरिंगमध्ये आहे. आवाज साफ झाला आणि एफएम लावल्यावरच बिघडला, तर गडबड अँटेनाच्या वाटेने येते आहे. मग इंजिन बंद करा, किल्ली ॲक्सेसरीवर ठेवा आणि पुन्हा ऐका. इंजिन बंद असतानाही खरखर चालू असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे.

शिट्टीचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरीत सापडतं. अल्टरनेटर आधी एसी वीज तयार करतो, आतले डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. इंजिनाचा वेग वाढला की त्या लहरीची वारंवारता वाढते, म्हणून शिट्टीचा सूर चढतो. स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डमागे आणि ॲम्पची डिकीत असते. या दोन जागांमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक असला तरी स्टिरिओतून ॲम्पकडे आवाज नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहतो, आणि ॲम्प त्यालाही गाण्यासारखंच मोठं करतो.

म्हणून ॲम्पची अर्थ नीट असलीच पाहिजे. वायर दीड फुटाच्या आत, पॉवरच्या वायरीइतकीच जाड, आणि बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली. रंगावरच कसलेली अर्थ ही शिट्टीची सगळ्यात सामान्य जागा आहे. दुसरी जागा म्हणजे पिळून वर नुसती टेप गुंडाळलेले जोड. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत टेपचा डिंक सुटतो आणि जोड सैल पडतो. तिथे सोल्डर किंवा क्रिंप केलेला (धातूच्या नळीत दाबून बसवलेला) जोडच हवा. पॉवरची वायर एका बाजूच्या पायदानाखालून आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. दोन्ही एकाच बाजूने ओढल्या तर वेळ वाचतो, पण त्रास कायमचा राहतो.

एक बारीक दोष फार थोडे लोक तपासतात. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थवर छोटा फ्यूज असतो आणि सिस्टिम चालू असताना केबल काढली-लावली की तो उडतो. एका वायरीचं एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं स्टिरिओच्या धातूच्या बॉडीला लावून पाहा. शिट्टी लगेच थांबली तर तोच दोष. म्हणून आरसीएला हात लावण्याआधी सगळं बंद करावं. ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे आरसीएच्या वाटेत बसवून जाळीतला तो प्रवाह तोडणारी डबी, मी शेवटचा उपाय मानतो. स्वस्तातला आयसोलेटर शिट्टीबरोबर वूफरचा खोल आवाजही खातो, आणि ज्यासाठी खर्च केला तेच हरवतं.

खरखरीचा गुन्हेगार सहसा स्टिरिओही नसतो आणि ॲम्पही नसतो. त्याच वेळी बसवून घेतलेला डॅशकॅम, स्वस्त यूएसबी चार्जर किंवा एलईडी हेडलाइट असतो. यांच्या आत वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं आणि त्याचा कचरा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्यापर्यंत पोचतो. डॅशकॅमची वायर काचेच्या कडेने अँटेनाच्या केबलला चिकटून गेलेली असेल तर तो थेट आत शिरतो.

एफएमवर जोरदार सिग्नल असा गोंगाट दाबून टाकतो. त्यामुळे सोलापूर शहरात सात रस्त्याला स्टेशन स्वच्छ लागतं आणि मोहोळ ओलांडून पुण्याच्या दिशेने गेलं की खरखर वाढते. लोकांना वाटतं, स्टेशनच लांब गेलं. तिथेच गाडी कडेला थांबवा आणि डॅशकॅमचा प्लग काढा. मग चार्जर काढा, हेडलाइट बंद करा. ज्याने फरक पडला तो चोर. चार्जर बदलावा, वायर अँटेनापासून दूर न्यावी, आणि वायरीवर उपकरणाच्या अगदी जवळ फेराइटचा (असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) कडीसारखा तुकडा बसवावा. मध्यम लहरीवर होटगीकडच्या उच्चदाब वाहिन्यांखाली येणारा गुरगुराट मात्र बाहेरचा असतो. तारा मागे पडल्या की तो जातो, त्यासाठी गाडी उघडू नका.

सगळी उपकरणं काढूनही स्टेशन धूसरच राहिलं, तर गोंगाट नाही, सिग्नलच कमी पडतो आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांच्या छतावरच्या छोट्या अँटेनाला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा स्टिरिओ ते देत होता. नवा बसवताना ती वायर, बहुधा निळी, मोकळीच सोडली जाते. काही गाड्यांत हा पुरवठा अँटेनाच्या केबलमधूनच जातो आणि त्यासाठी केबलमध्ये वीज सोडणारा वेगळा कपलर लागतो. स्टिरिओ बसवून घेतानाच दुकानदाराला एवढं विचारा: अँटेनाची पॉवर कुठे जोडली?